शंभरीचा, मुका आणि काळाकुट्ट: 'प्रिन्स अहमद' मुलांना दाखवावा का?

शिरीषफुल

नमस्कार बडोदेकर आणि इतर मंडळी,

मंडळाच्या उन्हाळी शिबिरात शनिवारी संध्याकाळी मुलांना एक चित्रपट दाखवतो. यंदा मी 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद' सुचवला. १९२६चा जर्मन चित्रपट, लॉटे रायनिगर या बाईंनी केलेला. अरबी सुरस कथांमधला उडता घोडा, परी बानू, अल्लाउद्दीनचा दिवा, सगळं एका साहसकथेत गुंफलंय. संवाद नाहीत, नुसतं संगीत आणि मधूनमधून पाट्या. पात्रं म्हणजे काळ्या पुठ्ठ्यातून कात्रीनं कापलेल्या आकृत्या. बैठकीत एवढं सांगेपर्यंत निम्म्या लोकांनी मोबाइल काढले होते. "पोरं दहा मिनिटांत पाणी प्यायला उठतील आणि परत येणार नाहीत," असा एका ज्येष्ठ सदस्यांनी निकाल दिला.

माझं म्हणणं असं, की चेहरा दिसत नाही हीच तर यातली गंमत. डोळे नाहीत, ओठ हलत नाहीत, त्यामुळे आपण आपोआप मान, खांदे, मनगटं बघायला लागतो. जादूगाराची ती लांब, हडकुळी बोटं बघा. तो काही करायच्या आधी बोटंच कट शिजवतात. हल्लीच्या कार्टूनमध्ये भुवया एवढ्या नाचतात की बाकीचं शरीर रजेवर असतं.

तर प्रश्न दोन. ८ ते १२ वयाची मुलं तासभर बसतील का? आणि दाखवण्याआधी त्यामागची कारागिरी सांगावी का, सांगितली तर कशी?

---

खमणखाऊ

घोड्याला वर न्यायची कळ सापडली आणि खाली आणायची सापडली नाही, तोच ना हा राजपुत्र? गेंडा सर्कलच्या पुलावर माझं रोज तेच होतं.

---

पतंगदोरी

@खमणखाऊ, हसून हसून पुरेवाट.

शिरीषताई, नक्की दाखवा. बघितलेला नाही, पण समितीला नको आहे म्हणजे चांगला असणार.

---

वाघोडिया_रोड

जरा हिशेब मांडतो. चित्रपट साधारण ६५ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर ६५ × ६० × २४ = ९३,६००. काम चाललं १९२३ ते १९२६. सुट्ट्या वजा जाता ९०० दिवस धरू. म्हणजे दिवसाला शंभरेक चौकटी, चार सेकंदांचा ऐवज. दिवसभर पुठ्ठ्याचे हातपाय सरकवायचे आणि संध्याकाळी चार सेकंद! फुकट गेलेल्या चौकटी यात धरलेल्याच नाहीत.

हे सगळं खरं, पण आज हेच काम संगणकावर केवढ्या वेळात होतं? मग आपण कौतुक कष्टांचं करतोय की कलेचं? मुलांना कष्टांची गोष्ट सांगू नका, असा माझा सल्ला. "आमच्या काळी नऊ मैल चालत शाळेत जायचो" याच्यात आणि त्यात मुलांना काही फरक वाटत नाही.

---

चित्राक्का

वाघोडिया रोड, मग कष्टांचं राहू द्या, सांध्यांचं बोलू.

फाइन आर्ट्सला असताना मी आणि मैत्रिणींनी असल्या बाहुल्या करून बघितल्या होत्या, म्हणून थोडं लिहिते. मांडणी अशी: आडवी काच, खालून दिवा, वर खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. बाहुली काचेवर झोपलेली. त्यामुळे ती पडत नाही, दोऱ्या लागत नाहीत, काठ्या लागत नाहीत. सांधे तारेनं बांधलेले असतात, पण प्रकाश मागून येत असल्यामुळे तार दिसतच नाही, नुसता काळा आकार उरतो. रायनिगरबाई बाहुल्या हलवायच्या आणि त्यांचे पती कार्ल कोख कॅमेरा सांभाळायचे.

आता सांधा. हात कोपरात वाकवायचा तर दोन तुकडे एकमेकांवर चढवायचे आणि मधोमध भोक पाडून तार ओवायची. इथे नवशिके चुकतात. चढवलेली टोकं भोकाभोवती अगदी गोल कापलेली हवीत. जरा जरी लांबट राहिली तर हात सरळ असताना छान दिसतो आणि वाकवला की कोपरावर टेंगूळ येतं, नाहीतर फटीतून उजेड डोकावतो. आमच्या पहिल्या राजकन्येला प्रत्येक नमस्काराला टेंगूळ यायचं. तार आम्ही मोटर वायंडिंगवाल्याकडून आणायचो, तांब्याची, बारीक. जाड तार घेतली तर बाहुली काचेवर सपाट बसत नाही आणि कडा पुसट होतात.

शिवाय दिव्याच्या उष्णतेनं कार्डशीट वळतं. रायनिगरबाईंनी पुठ्ठ्याबरोबर शिशाचा पातळ पत्रा वापरला होता, त्यानं वजन येतं आणि ठेवलेला हात ठेवला तिथेच राहतो. (मुलांच्या हातात शिसं अजिबात देऊ नका.)

आणि मुख्य अडचण राहिलीच. बाजूनं कापलेली बाहुली समोर बघू शकत नाही. पात्र जवळून दाखवायचं तर मोठं डोकं वेगळं कापावं लागतं. म्हणजे प्रत्येक प्रसंग कापायच्या आधीच ठरवायचा: हा इकडून येणार, ती तिकडे वळणार, इथे नुसते हात पुरेत. संगणक हे सरकवायचं काम करील हो, पण कुठे नुसते हात पुरतात हे कोण सांगणार?

---

वाघोडिया_रोड

@चित्राक्का, टेंगूळ पटलं. बाकीचा वाद राखून ठेवतो.

---

कुडाळकर_मांजलपूर

आमच्याकडे हे जर्मनीत जाऊन शिकायची गरज नव्हती! कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करतात. रामायण लावतात, पडद्यामागे दिवा, पुढे लोक. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलांसाठी.

लहानपणी मामाच्या गावी बघितलेलं आठवतं. चामडं घासून इतकं पातळ केलेलं असतं की दिव्यापुढे धरलं की रंग उजळतो आणि बारीक बारीक भोकांतून दागिने चमकतात. म्हणजे रायनिगरबाईंच्या अगदी उलट. त्यांच्याकडे उजेड आकृतीला अडतो आणि आमच्याकडे आकृतीतून आरपार येतो. आमच्या रावणाला डोळा असतो, मिशी असते, रंग असतो, आणि सोंगाड्याचा आवाजही असतो. माझं मत विचाराल तर मुलांना आधी हे दाखवा, मग ते.

---

अभ्यंकरकाका

चर्चा छान चालली आहे. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

हा "जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट" असं ठिकठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते मुलांना सांगू नका. अर्जेंटिनात किरीनो क्रिस्तियानी यांनी १९१७ सालीच कापीव चित्रांचा मोठा चित्रपट केला होता. त्याच्या प्रती आगीत गेल्या. जे चित्रपट आज आपल्याला बघता येतात त्यांत 'अहमद' सर्वांत जुना, एवढं निर्विवाद.

पैसा कुठून आला तेही मजेदार आहे. लुई हागेन नावाच्या बँकरनं चलनफुगवट्याच्या दिवसांत पैसे वाचवायला कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. मार्क रोज घसरत होता, त्यापेक्षा फिल्म बरी. तो डाव काही फारसा लागला नाही, तेव्हा त्यानं रायनिगरबाईंना विचारलं की मोठा चित्रपट कराल का. पोट्सडॅममध्ये त्याच्या गॅरेजच्या माळ्यावर स्टुडिओ थाटला. माळ्याचं छत ठेंगणं, त्यामुळे कॅमेरा वर राहावा म्हणून काच जवळजवळ जमिनीलगत आणि बाई मोडीत काढलेल्या मोटारीच्या सीटवर गुडघे टेकून काम करायच्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या लंडनला स्थायिक झाल्या, तेव्हा त्यांच्या परीकथांचे छोटे चित्रपट काढायला उभा राहिला तो याच हागेनचा मुलगा.

'अहमद'च्या आधी, १९१८ साली, जर्मन दिग्दर्शक पाउल व्हेगेनर यांच्या पुंगीवाल्याच्या चित्रपटात उंदीर हवे होते. खरे उंदीर काही ऐकेनात, म्हणून लाकडी उंदीर चौकट-चौकट सरकवायचं काम ज्यांनी केलं त्यांत रायनिगरबाई होत्या.

आता आपल्या घरचं. दादासाहेब फाळके १८९०च्या सुमारास आपल्या कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी ते नुकतंच सुरू केलं होतं, आज तिथे युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग आहे. चित्रकला, फोटोग्राफी वगैरे हात तिथे तयार झाले. आणि याच फाळक्यांनी पुढे 'आगकाड्यांची मौज' केला, आगपेटीतल्या काड्या चौकटीगणिक सरकवून. 'अहमद'च्या दहाएक वर्षं आधी! शिबिरात हे सांगायला विसरू नका.

---

खमणखाऊ

काका, कलाभवनातून इंजिनिअरिंग करून मी आयुष्यात एक काडीही सरकवली नाही, याची आज लाज वाटली.

---

पतंगदोरी

@खमणखाऊ, या धाग्यावर तर तुम्ही पहिल्यापासून काड्याच टाकताय.

---

मोगली_९३

साहसकथा आणि कार्टून म्हटलं की आमच्या पिढीसाठी एकच: १९९३चं दूरदर्शनवरचं जंगल बुक. मूळ जपानी मालिका, ५२ भाग, गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा! वाघ मराठी माणूस आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. रविवारी सकाळी रावपुऱ्यात रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.

मुद्द्याचं म्हणजे त्या मालिकेत निम्मी जादू आवाजाची होती. मूक चित्रपट मुलांना कसा पचेल?

---

इंदुरी_जिरावन

मोगली सिवनीचा, सिवनी मध्य प्रदेशात, म्हणजे मोगली आमचा. बडोदेकरांनी नाना ठेवावेत.

(नाना मुरुड-जंजिऱ्याचे म्हणून कोकणवाले आता येतीलच.)

---

कुडाळकर_मांजलपूर

आलोच.

---

परखड

धाग्याचं अभयारण्य व्हायच्या आत मूळ चित्रपटाबद्दल एक अप्रिय गोष्ट लिहितो. मी तो बघितलाय. दिसायला अप्रतिम आहे यात वाद नाही. पण ८ वर्षांच्या मुलांना दाखवताना दोन ठिकाणी खटकेल.

एक, खलनायक "आफ्रिकेचा जादूगार" आहे आणि त्याला जितका कुरूप कापता येईल तितका कापलाय. चीनमधली माणसंही तशीच, तेव्हाच्या युरोपला जशी दिसत तशी. काळी आकृती फक्त कडेनं ओळखायची, म्हणून नाक-ओठ-पाठ वाढवून कापायची, हे कलेचं कारण म्हणून समजतं. पण कोणाचं नाक वाढवायचं ही निवड केलेलीच असते ना?

दोन, परी बानूचा प्रसंग. ती सख्यांबरोबर तळ्यावर स्नानाला उतरते, राजपुत्र झुडपाआड लपून बघतो, तिचा पिसांचा पेहराव चोरतो आणि तिला उचलून घेऊन जातो. मग ती त्याच्या प्रेमात पडते. शिरीषताई, चित्रपट संपल्यावर एखाद्या मुलीनं विचारलं तर काय उत्तर देणार आहात?

---

शिरीषफुल

@परखड, बरं झालं लिहिलंत. जादूगाराबद्दल मी थोडं वेगळं बघते. त्याला वाईट दाखवायचं तर त्याचा वंश मध्ये आणायची गरज नव्हती, इथपर्यंत तुमच्याशी सहमत. पण अग्निपर्वतावरची चेटकीण आठवा. ती त्याच्याहून बेढब कापलीय, जाडी, वाकडी, आणि ती आपल्या बाजूची आहे! जादूगाराला हरवते तीच. दोघं जनावरांची रूपं पालटत लढतात आणि शेवटी आगीचे गोळे फेकतात. कुरूप म्हणजे दुष्ट हे समीकरण चित्रपटानं स्वतःच मोडलंय. मुलांना ती फार आवडेल अशी माझी पैज.

परी बानूच्या प्रसंगाला माझ्याकडे बचाव नाही. तो गाळायचाही नाही. विचारलं तर सांगेन की हे त्यानं वाईट केलं, आणि जुन्या गोष्टींत नायक वाईट वागतात.

---

परखड

चेटकिणीचा मुद्दा मान्य. जादूगाराचा नाही. पण निदान "जुन्या काळचं आहे, सोडून द्या" असं तुम्ही म्हणाला नाहीत.

---

अभ्यंकरकाका

अरबी सुरस कथांत उडत्या घोड्याची गोष्ट वेगळी आणि अहमद-परी बानूची वेगळी. बाईंनी त्या सांधल्या आणि त्यात अल्लाउद्दीन घातला. पेहराव चोरण्याचा प्रकार तर अनेक देशांच्या लोककथांत आहे, आपल्याकडेही वस्त्रहरण करणारे देव आहेत. परखड, तिथे काय करणार?

---

परखड

काका, तो स्वतंत्र धागा होईल आणि ॲडमिन तो रात्रीच्या आत उडवतील.

---

वाघोडिया_रोड

राखून ठेवलेला वाद घेऊन आलो. काल रात्री चित्रपट बघितला, लोळत, मोबाइलवर. बायकोही येऊन बसली.

बाहुल्यांपेक्षा मला पार्श्वभूमीनं जास्त पकडलं. जादूगार मंत्र घालतो तेव्हा ते जे धूर, वेटोळी, चमकणारे आकार येतात ते कात्रीचं काम वाटत नाही. हे कसं केलं असेल? जाणकारांनी उजेड टाकावा. काचेखालून.

---

चित्राक्का

ते कात्रीचं नाहीच! वाल्टर रुटमान नावाचे अमूर्त चित्रपट करणारे कलाकार त्यासाठी होते, आणि लाटा-बिटा बेर्टोल्ड बार्टोश यांच्या. रुटमाननी मेण वापरलं. रंगीत मेणं एकमेकांत कालवून ठोकळा करायचा आणि तो एका यंत्रावर पातळ पातळ कापत जायचा, प्रत्येक कापाला एक चौकट टिपायची. अळूवडीचा उंडा कापताना प्रत्येक वडीवर वेटोळं किंचित सरकलेलं असतं ना, तसं. ओळीनं दाखवलं की वेटोळं वळवळायला लागतं.

मागचे डोंगर, ढग, राजवाडे मात्र अर्धपारदर्शक कागदांचे थर. एक थर म्हणजे फिका, दोन म्हणजे जरा गडद, तीन म्हणजे जवळचा डोंगर. आपल्याकडे यासाठी उत्तरायणानंतर उरलेला पतंगाचा कागद घ्यावा. मी घेतला होता. पांढरा किंवा फिका निळा घ्या. जांभळा दोन थरांतच काळा पडतो. आणि गोंद लावू नका, गोंदाचा डाग खालच्या उजेडात ठसठशीत दिसतो. नुसते एकावर एक ठेवून वर काच.

थर वेगवेगळ्या उंचीवर काचेवर मांडले की मागचा डोंगर हळू आणि पुढचं झाड भराभर सरकवता येतं. डिस्नेच्या स्टुडिओनं असला बहुथरी कॅमेरा १९३७ला गाजवला. या बाई गॅरेजच्या माळ्यावर ते आधीच करत होत्या.

---

वाघोडिया_रोड

आता वाद नाही. पतंगाचा कागद सापडला माळ्यावर. जांभळाच आहे.

---

आजी_ऑनलाइन

मी रोज वाचते, लिहीत नाही, पण या विषयावर लिहिलं पाहिजे. मी हा चित्रपट दाखवलाय. नात चौथीत, नातू दुसरीत, आणि शेजारची दोन गुजराती मुलं. बाई, पहिली दहा मिनिटं खरंच कठीण गेली. "आवाज वाढव ना आजी" चाललं होतं. मग मी पाट्या मराठीत वाचायला लागले आणि शेजारच्यांसाठी अधूनमधून गुजरातीत. घोडा उडाल्यावर कुणी हललं नाही. नातू तर घोड्याच्या शेपटीकडे बोट दाखवून राजपुत्राला ओरडून सांगत होता.

तुमच्या समितीला तीन गोष्टी सांगा. एक, तो पाच अंकांत आहे, प्रत्येक अंक संपला की पाणी, शेवचिवडा आणि मगच पुढे. दोन, प्रत चांगली मिळवा. मूळ निगेटिव्ह राहिलेली नाही. लंडनच्या संग्रहातल्या जुन्या प्रतीवरून नव्वदच्या दशकाच्या शेवटी जी दुरुस्त केली तिच्यात रंग आहेत, प्रत्येक प्रसंगाला त्याचा एकच रंग. आमच्याकडे आधी कुणीतरी पाठवलेली करडी, धुरकट प्रत लागली होती, तिच्यात राजपुत्र कुठला आणि खांब कुठला तेच कळेना. तीन, पाट्या वाचणारा हवा. मोगली_९३ म्हणतात तो आवाज म्हणजे हाच.

कारागिरी आधी सांगू नका. माझ्या नातीनं चेटकीण आल्यावर स्वतःहून विचारलं, "हिला कोणी कापलं?" तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिनं पुढचा तासभर तारा शोधल्या असत्या.

---

मोगली_९३

आजी, __/\__

शेरखानचा आवाज काढायला मी तयार आहे. चित्रपटात वाघ आहे का?

---

खमणखाऊ

नसला तर चित्राक्का कापतील.

---

कुडाळकर_मांजलपूर

आजींच्या सूचनेवरून सुचलं. १९२६ला याच्यासोबत वाद्यवृंद वाजायचा, वोल्फगांग झेलर यांनी खास संगीत लिहिलं होतं. ते आहेच, ते बंद करू नका. पण मध्यंतरांत माझी पेटी वाजवू का? पिंगुळीच्या खेळात सुरुवातीला गणपती नाचवतात, ती चाल येते मला.

---

शिरीषफुल

सर्वांचे आभार. आज बैठक झाली. आजींचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला, "आवाज वाढव ना आजी"ला ते ज्येष्ठ सदस्यही हसले. ठरलं ते असं: चित्रपट दाखवायचा, पाच तुकड्यांत. पाट्या मी मराठीत लिहून काढते, वाचन अभ्यंकरकाका करतील (काका, मी परस्पर नाव दिलंय). कारागिरी आधी नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी चित्राक्कांची कार्यशाळा, कात्री-कार्डशीट-तांब्याची तार. कुडाळकर, पेटी घेऊन या, पण गणपती सुरुवातीला, मध्यंतरात नको.

परखड, चित्रपटानंतर मुलांशी बोलायला तुम्ही यावं अशी विनंती आहे. तुम्हाला खटकतं तेच त्यांच्याशी बोला.

---

परखड

येतो. पण मुलांनी चेटकिणीबद्दलच विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार.

---

अभ्यंकरकाका

चालेल. पाट्या मोठ्या अक्षरांत लिहा, अंधारात वाचायच्या आहेत.

---

चित्राक्का

कार्यशाळेसाठी सामान: काळं कार्डशीट जाड नको, बोटानं वाकेल इतपत. कात्र्या टोकदार पण लहान, आणि मुलांना सांगायचं की कात्री स्थिर ठेवून कागद फिरवा. खालून उजेडाला बल्ब नको, एलईडीचं सपाट पॅनेल आणा, म्हणजे कागद वळणार नाही. काच टीपॉयची चालेल, मात्र कडा घासलेल्या आहेत का बघून घ्या. मोबाइल वर टांगायला कुणाकडे स्टँड आहे का?

---

वाघोडिया_रोड

स्टँड आहे, काचही आहे. जांभळा कागद आणू की नको ते सांगा.